अकरा पेट्या खडी, बारावे फादर

एखादी वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवणं यात फारसं काही अवघड नाही, असं माझं वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मत होतं. आयुष्यभर मी तेच केलं होतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फिरत्या वाचनालयाच्या गाडीत मी एकतीस वर्षं काढली. पुस्तकं फळीवरून काढायची, शिक्का मारायचा, लोकांच्या हातात द्यायची. पंधरा दिवसांनी त्यांच्या हातून घ्यायची आणि फळीवर ठेवायची. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही पुस्तक खाली पडलं नाही. गाडी मात्र दुसरा माणूस चालवायचा. हा तपशील मला तेव्हा क्षुल्लक वाटत होता.

ही हकिगत लिहावी की नाही यावर मी दोन महिने विचार केला. आमच्या ड्रमगॉर्ट गावात ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळेच ती माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. आमचा शेजारी फ्रॅन्सी सांगतो त्यात फादर गिल्हूली हवेत तीन कोलांट्या खातात. प्रत्यक्षात कोलांटी एकच होती आणि तीही अर्धी. एवढी दुरुस्ती तरी कुठेतरी कागदावर असावी, म्हणून लिहितो.

मूळ कारण घरमिस्सा. आमच्या डोंगरात वर्षातून दोनदा, वसंतात आणि ऑक्टोबरात, चर्चऐवजी कुणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे फादरनी चालवायची सामुदायिक प्रार्थना, होते. फादर येतात, शेजारपाजार येतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी होते आणि नंतर त्याच टेबलावर सगळ्यांची न्याहारी होते. ज्या घरी मिस्सा, त्या घराला रंग, दारांना वंगण आणि गळक्या कौलांना डागडुजी. आमच्या भागातली निम्मी घरं केवळ याच भीतीने उभी आहेत.

मिस्सा संपली की फादर विचारतात, “पुढचं घर कुणाचं?” मग शांतता पसरते. या शांततेला माप आहे. लगेच बोललात तर हावरट ठरता. फार थांबलात तर दुसराच कुणी बोलून जातो. आणि घरात पुरुष असेल तर बोलायचं त्यानेच. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने, डीलियाने, मला कोपराने ढोसलं. मी घसा साफ केला. घसा साफ होईपर्यंत कॅरोलनबाई बोलून गेल्या होत्या. त्या विधवा असल्यामुळे त्यांना कुणाच्या घशावर अवलंबून राहावं लागत नाही. पुढे दर खेपेला असंच होत गेलं. डीलियाने कपाटातलं आईचं पांढरं टेबलपोस मात्र दरवर्षी धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवलं. आमच्या घरची शेवटची मिस्सा आई असताना झालेली. डीलिया आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मी हिशोबात कच्चा आहे, पण इतका नाही.

गेल्या वसंतात मी असाच घसा साफ करत असताना फ्रॅन्सी मोठ्यांदा म्हणाला, “फिंटनला काहीतरी म्हणायचंय वाटतं.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अशा रीतीने मला घर मिळालं.

पुढच्या रविवारी चर्चच्या फाटकाशी कॅरोलनबाईंनी फादरना गाठलं. फादर गिल्हूली चांगले भरभक्कम गृहस्थ आहेत आणि त्यांचे गुडघे त्या मानाने कमी पडतात. बाई माझ्या देखत अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या की मुल्डेरिगांची, म्हणजे आमची, पाणंद म्हणजे ओढ्याचं पात्र आहे, तुमची गाडी त्यातून कशी जाणार? आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, वेळ पडली तर दार उघडंच आहे. फादरनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ऑक्टोबरपर्यंत पाणंद नीट झाली तर तुमच्याकडे, फिंटन. नाहीतर बाईंकडे करू.”

डीलियाने घरी येऊन चुन्याचा डबा उघडला.

मी आधी सरळ मार्गाने गेलो, म्हणजे काउंटीच्या कचेरीत. एकतीस वर्षं याच कचेरीचा नोकर होतो, तेव्हा माझी तिथे ओळख असेल अशी माझी समजूत होती. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं. खासगी पाणंदींसाठी सरकारी योजना होती, पण पाणंद निदान दोन घरांना उपयोगी पडते असं दाखवावं लागायचं. आमच्या पाणंदीवर घर एकच. बाईंनी विचारलं, माणसं किती? मी म्हटलं, दोन. चुली? एक. त्या सहानुभूतीने म्हणाल्या की बहीणभाऊ वेगळे राहत असल्याचा कागद आणलात तर बघता येईल. मी घरी येऊन हे डीलियाला सांगितलं. ती शिडीवर होती. “चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी वेगळी चूल मांडू?” ती म्हणाली. “खड्डे बुजवायला?”

दुसरा उपाय कॅरोलनबाईंच्या सहीचा होता. त्यांचं घर आमच्या पाणंदीच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागून आहे. ‘मीही ही पाणंद वापरते’ एवढं त्यांनी लिहून दिलं असतं तर भागलं असतं. त्यांनी आनंदाने दिलंही असतं, आणि येत्या रविवारपर्यंत ते चर्चच्या सगळ्या मंडळींना कळलंही असतं. डीलिया म्हणाली, त्यापेक्षा मी फादरना पाठुंगळी घेऊन येईन.

मग मी खाणीवर गेलो. खाणीतला कारकून म्हणाला, खडी किती टन? मी म्हटलं, टन नाही, ट्रॅक्टरच्या मागची पेटी भरून, अशा काही पेट्या. त्याच्या फॉर्मवर लॉरीचा नंबर लिहायची जागा होती, ट्रॉलीचा नंबर लिहायची जागा होती, पेटीची नव्हती. पेटी हे वाहन आहे की सामान, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मला तो प्रश्न खरोखरच रंजक वाटला. मागे चार लॉऱ्या उभ्या होत्या, त्यांना तो तितकासा वाटला नसावा.

फ्रॅन्सीला हे कळल्यावर तो हसला. नदीकाठी त्याच्या शेतात खडीचे ढीगच्या ढीग पडले होते. दर पुराला नदी आणून टाकायची. “सगळी तुझी,” तो म्हणाला. “धुतलेली, गोल, अंड्यासारखी. खाणवाल्याकडे असली मिळायची नाही.” यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. खाणवाल्याकडे तसली का मिळत नाही, हे मी विचारायला हवं होतं.

राहिला प्रश्न ट्रॅक्टरचा. आमची शेतं पॅकी टिम्नी कसतो. त्याच्याकडे एक लहानसा, लाल, वय झालेला ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे हायड्रॉलिकचे दोन लोखंडी हात, आणि त्या हातांवर अडकवलेली पेटी. पेटी म्हणजे एक बाजू उघडी असलेला पत्र्याचा हौद. दांडा वर केला की पेटी जमिनीवरून वर उचलली जाते, खाली केला की उतरते. आणि एक दोरी असते, ती ओढली की कडी सुटते आणि पेटी मागे कलंडून आतला माल सांडते. आमच्या डोंगरात या पेटीतून काय जात नाही? जळणाचं पीट जातं, शेण जातं, वासरं जातात, आजारी मेंढ्या जातात आणि सासू दवाखान्यात जाते. डीलियाचं मात्र पहिल्यापासून म्हणणं होतं की सभ्य बाई मेली तरी पेटीत बसणार नाही.

वस्तू उसनी मागायची आमची रीत अशी की मागायची नाही. मी पॅकीकडे जाऊन तासभर हवेबद्दल बोललो, मग त्याच्या मेंढ्यांबद्दल, मग त्याच्या वडिलांच्या आठवणी निघाल्या. उठताना मी सहज म्हटलं की पाणंदीला थोडी खडी टाकावी म्हणतोय. पॅकी म्हणाला, ट्रॅक्टर नुसताच उभा आहे, बिचाऱ्याला कंटाळा येतो. झालं काम.

देताना तो पेटीवर हात फिरवत म्हणाला, “शहाणी आहे ही. फक्त घाई केलेली तिला खपत नाही. जड झालं की नाक वर करते, तर पुढे सिमेंटचे दोन डबे अडकवून ठेव. आणि दोरी... दोरीचं तिचं तिचं असतं, फिंटन. तिच्या मनात आलं तर सोडते.”

मी हसलो. मला वाटलं, माणूस आपल्या ट्रॅक्टरचं कौतुक करतोय. आमच्याकडे उसनी दिलेल्या वस्तूचा दोष उघड सांगितला तर द्यायची इच्छा नाही असा अर्थ होतो, म्हणून दोष कौतुकासारखा सांगतात. सगळं आयुष्य याच डोंगरात काढूनही हे मला नेहमी दुसऱ्या दिवशी आठवतं.

ट्रॅक्टरची छापील पुस्तिका मी तीन वेळा वाचली. तिच्यातली भाषा अतिशय स्वच्छ होती. सेहेचाळिसाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : पेटीत माणसं बसवू नयेत.

पहिल्या पेटीला मी डबे लावले नाहीत. पुस्तिकेत डब्यांचा उल्लेख नव्हता. नदीकाठच्या चढावर ट्रॅक्टरने पुढची दोन्ही चाकं हळूच वर उचलली आणि मी काही वेळ आकाशाकडे बघत गेलो. सुकाणू फिरवलं तर चाकं वळायची, पण ती हवेत असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. फ्रॅन्सीच्या कुंपणाने आम्हांला थांबवलं. त्या दिवशी चर्चमध्ये दफनविधी होता, त्यामुळे रस्त्यावर बरीच मंडळी होती. सगळ्यांनी टोप्या काढल्या. त्या मृतासाठी काढल्या होत्या की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या पेटीपासून पुढे दोन डबे लोंबू लागले आणि ट्रॅक्टर माणसात आला. दुसरी पेटी पाणंदीत व्यवस्थित रिकामी झाली. तिसरी पेटी मात्र कॅरोलनबाईंच्या फाटकासमोर वळताना, मी दोरीला हात न लावता, तिच्या मनात आलं म्हणून मोकळी झाली. फाटकाच्या खांबाला लागून कमरेएवढा ढीग पडला. बाई खिडकीत होत्याच. मी उतरून म्हटलं, उचलतो. त्या म्हणाल्या, “काही घाई नाही हो, मिस्टर मुल्डेरिग. तुमच्या पाणंदीची सुरुवात माझ्या दारापासून झाली तर माझी काय हरकत असणार?” त्यानंतर मी तो ढीग दररोज उद्या उचलणार होतो.

उरलेल्या आठ पेट्यांना उलटाच त्रास झाला. दोरी ओढली तरी पेटी सोडायची नाही. मी दोन्ही हातांनी ओढायचो, पाय टेकवून ओढायचो, एकदा विनंतीही करून पाहिली. मग मी निराश होऊन खाली उतरलो की मागे हळूच खडी सांडल्याचा आवाज यायचा.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला, खड्ड्यांपुरती टाक. दुसरा म्हणाला, पातळ थर वाहून जाईल, जाड टाक. दोघंही उभे राहून बघत असल्यामुळे मी दोघांचंही ऐकलं, म्हणजे खड्ड्यांत टाकली आणि वरून जाडही टाकली. पोस्टमन रोज सायकल टेकवून एकच वाक्य बोलायचा, “अजून थोडी.” अकरा पेट्यांनंतर पाणंद नदीच्या वाळवंटासारखी पांढरीशुभ्र, गुळगुळीत आणि सुंदर दिसू लागली. मी संध्याकाळी दारात उभा राहून तिच्याकडे बघायचो. माझ्या हातून जगात एवढं मोठं काही यापूर्वी झालेलं नव्हतं. डीलिया बाहेर आली, तिने एक पाय खडीत ठेवला, तो घोट्यापर्यंत आत गेला. तिने तो काढून घेतला आणि म्हणाली, “बरी दिसते.”

मिस्सेच्या आदल्या दिवशी तिने घरासारखाच ट्रॅक्टरही धुतला. फादर येणार, ट्रॅक्टर दारात उभा दिसणार. पुढे लोंबणारे ते गंजके डबे तिला पाहवेनात, तेव्हा ते मी काढून गोठ्यात ठेवले. ट्रॅक्टर काही चालवायचा नव्हताच.

सकाळी साडेनऊला टेबलावर आईचं टेबलपोस होतं, दोन मेणबत्त्या होत्या, शेजारच्या खोलीत उकडलेल्या हॅमचा मोठा तुकडा झाकून ठेवला होता आणि डीलिया तिच्या निळ्या पोशाखात खुर्चीच्या कडेवर बसली होती. पाणंदीच्या निम्म्यावर आवाज झाला.

कॅरोलनबाई त्यांच्या नव्या गाडीतून निघाल्या होत्या. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत दोनशे पावलं अंतर आहे, पण बाई अंडी आणायलाही गाडीनेच जातात. गोल खडीचं असं असतं की ती एकमेकींना धरत नाही, नुसती सरकत राहते. खाणीतली धारदार खडी एकमेकींत रुतून बसते, ही माहिती मला त्या सकाळी पाच वेगवेगळ्या माणसांनी दिली. बाईंनी जितका जोर लावला तितकी गाडी खाली गेली आणि शेवटी पोटावर टेकून बसली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये गाडी. तिच्या शेजारून एखादा सडपातळ माणूस अंग चोरून जाऊ शकत होता. बाई उतरून शांतपणे आपल्या घरी परत गेल्या. पाणंद त्याही वापरतात याचा याहून सबळ पुरावा कुठल्याही कचेरीला मिळाला नसता, पण तो विचार मला फार उशिरा सुचला.

दहाला फादर हमरस्त्यावर येऊन पोचले. सगळी मंडळी कॅरोलनबाईंच्या फाटकापाशी जमली. पाणंद बंद. शेतातून वळसा घालून वर जाता येत होतं, पण तो चढ फादरच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. बाई दारात उभ्या होत्या. त्यांचं दार पूर्ण उघडं होतं. आतून मेणाच्या पॉलिशचा वास येत होता.

मी वर घराकडे पाहिलं. दारात निळा ठिपका दिसत होता.

“पेटी आण,” पॅकी म्हणाला.

मी सेहेचाळिसाव्या पानाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि घसा साफ केला. तेवढ्यात फ्रॅन्सी बाईंच्याच घरातून एक खुर्ची घेऊन आला होता. फादर म्हणाले की त्यांची आई चाळीस वर्षं पेटीतून चर्चला गेली आणि कधी तिला साधी सर्दीही झाली नाही. मी धावत वर जाऊन शेतातून ट्रॅक्टर घेऊन आलो. डबे गोठ्यात होते. ते मला आठवले, पण सभ्यतेच्या दृष्टीने ते काढले होते, तेव्हा आता परत लावणं मला विसंगत वाटलं.

पेटी जमिनीवर टेकवली. खुर्ची आत ठेवली, घराकडे तोंड करून, म्हणजे ट्रॅक्टरकडे तोंड करून. फादर बसले. खुर्ची धरायला एका बाजूला पॅकी, दुसऱ्या बाजूला फ्रॅन्सी उभे राहिले. दोघंही अंगापिंडाने कमी नाहीत. मी दांडा वर केला, पेटी डौलात वर उचलली गेली. मंडळींतून कौतुकाचा आवाज आला. आणि इथेच मी आयुष्यातली सगळ्यात काळजीपूर्वक गोष्ट केली. दोरी माझ्या आसनाशेजारी लोंबत होती. चुकून माझा हात किंवा बाही तिच्यात अडकू नये, म्हणून मी तिचं टोक घेतलं, ताणून घेतलं आणि आसनाच्या दांड्याला पक्की गाठ मारून टाकली. पुस्तकांचे गठ्ठे बांधून बांधून माझी गाठ चांगली आहे.

विचार करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलंच असेल. दोरी एका टोकाला ट्रॅक्टरला बांधलेली, दुसऱ्या टोकाला पेटीच्या कडीला, आणि पेटी वर असताना ती ताणलेली. आता पेटी खाली उतरली तर काय होईल? मीही विचार करणारा माणूस आहे. पण मी नेहमी क्रमाने विचार करतो आणि त्या वेळी मी क्लचवर पोचलो होतो.

क्लच माझ्या पायाखालून निसटला. ट्रॅक्टरने झेप घेतली आणि पुढची चाकं उचलली. पॅकी आणि फ्रॅन्सी अनुभवी असल्यामुळे दोघांनी दोन बाजूंना उड्या मारल्या. वजन कमी झालं, चाकं आपोआप खाली बसली. इंजिन बंद पडलं. त्या क्षणी मी काहीच केलं नसतं तर काहीच झालं नसतं. मी हे वाक्य रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःशी म्हणतो. पण वीसेक माणसं एका सुरात ओरडली, “खाली घे!” आणि मी आयुष्यभर लोकांचं ऐकत आलोय.

मी दांडा खाली केला.

दोरी ताणली, कडी सुटली. दोन आठवडे विनवण्या करून न सुटलेली ती कडी अगदी लोण्यासारखी सुटली. पेटी मागे कलंडली. फादर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. मग त्यांच्या चेहऱ्याच्या जागी त्यांच्या बुटांचे तळवे आले.

ते तिसऱ्या पेटीच्या ढिगावर पडले. जो ढीग मी रोज उद्या उचलणार होतो, तोच. धारदार खडी असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. गोल होती, त्यामुळे फादर तिच्यात अलगद रुतले. ते पडताना त्यांना काही लागलं नाही. उठताना खडी पायाखालून सरकली आणि घोटा मुरगळला.

फाटक दोन पावलांवर होतं. कॅरोलनबाईंनी फादरना हाताला धरून आत नेलं. “किती योगायोग,” त्या म्हणाल्या, “कालच सगळी फरशी पुसून घेतली होती.”

मी ट्रॅक्टरवरच बसून राहिलो. उतरायचं कसं हे मला ठाऊक होतं, पण उतरून जायचं कुठे हे कळत नव्हतं. वरच्या शेतातून डीलिया येताना दिसली. हळूहळू, नीट पाय टाकत. तिच्या हातावर घडी केलेलं टेबलपोस होतं आणि दुसऱ्या हातात दोन मेणबत्त्या. ती माझ्याजवळ आली, उभी राहिली.

“हॅम जड आहे,” ती म्हणाली. “चौघांना पाठव.”

तिने कॅरोलनबाईंच्या टेबलावरचं कशिदा काढलेलं कापड काढलं, घडी केली, बाईंच्या हातात दिलं आणि आईचं टेबलपोस पसरलं. बाई काहीतरी म्हणणार होत्या. डीलियाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या बशा काढायला गेल्या. पुढे बाईंच्या घरात, आमच्या टेबलपोसावर, आमच्या मेणबत्त्यांच्या उजेडात, फादरनी बसून मिस्सा म्हटली. डावा पाय थंड पाण्याच्या घमेल्यात होता. प्रवचन झालं नाही. ‘परमेश्वर तुमच्याबरोबर असो’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. पण अशा वेळी प्रत्येकालाच तसं वाटत असेल.

मग ते म्हणाले, “पुढचं घर कुणाचं?”

कॅरोलनबाईंनी श्वास घेतला. मला त्यांचा श्वास ओळखू येतो, नऊ वर्षं ऐकलाय.

“आमचं,” मी म्हटलं.

घसा साफ केला नव्हता, त्यामुळे आवाज गंजल्यासारखा निघाला. शांततेचं मापही पाळलं नव्हतं. फादरचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. सगळ्यांच्या माना वळल्या. फ्रॅन्सी जमिनीकडे बघून खांदे हलवत होता. फादरनी घमेल्यातला पाय किंचित हलवला, पाणी डुचमळलं.

“बरं, फिंटन,” ते म्हणाले. “वसंतात. मी चालत येईन.”

न्याहारी झाली. हॅम संपला. कॅरोलनबाईंनी दोनदा वाढून घेतला, हे मी डीलियाला सांगायची गरज नव्हती, तिने मोजलंच असणार. मंडळी पांगल्यावर पॅकीने गोठ्यातून डबे आणून ट्रॅक्टरला अडकवले आणि कलंडलेली पेटी सरळ करून कडी लावली. मग गाठ सोडायला घेतली. त्याला ती सोडता येईना. शेवटी चाकूने कापली आणि उरलेली दोरी हातात धरून म्हणाला, “गाठ मात्र छान मारतोस तू.”

डीलिया रिकाम्या भांड्यांची टोपली घेऊन उभी होती. पाणंदीत अजून गाडी रुतलेली, शेताचा चढ समोर. तिने पेटीकडे पाहिलं. खुर्ची तिथेच आडवी पडली होती. तिने ती उचलून पेटीत सरळ ठेवली, टोपली आत ठेवली, निळा पोशाख सावरला आणि घडी केलेलं टेबलपोस मांडीवर घेऊन बसली. पॅकीने पटकन टोपी काढली.

“दोरी इकडे दे,” ती मला म्हणाली.

मी दिली. कापलेलं टोक तिच्या मांडीवर, टेबलपोसावर, ढिलं पडलं. तिने त्यावर हात ठेवला.

मी क्लच इतका हळू सोडला की ट्रॅक्टर निघाल्याचं मला कुंपण मागे जाऊ लागल्यावर कळलं. सगळा चढ मी एकदाही मागे पाहिलं नाही. दारात आल्यावर दांडा बोटभर खाली केला, मग आणखी बोटभर. पेटी जमिनीला टेकली तेव्हा भांडीसुद्धा वाजली नाहीत. मी उतरून तिला हात द्यायला गेलो. ती खुर्चीतच बसून होती, नव्या पांढऱ्या भिंतींकडे बघत.

“रंग टिकेल वसंतापर्यंत,” ती म्हणाली.

मी म्हटलं, टिकेल.

“खडी मात्र काढावी लागेल.”

“थोडी?”

“सगळी,” डीलिया म्हणाली. “आणि कॅरोलनबाईंच्या दारातली आधी.” मग तिने दोरी माझ्या हातात दिली आणि खाली उतरली.